नासलेलें कीं मुरलेलें ?

एखाद्या वस्तूची निंदा करावयाची असेल तर ती निदान त्या वस्तूची ओळख करून घेऊन करावी, हा नियम वाङ्मयाच्या प्रांतांत सर्वांस तोंडदेखला तरी मान्य आहे. खाण्यापिण्याच्या प्रांतांत मात्र तो पाळण्याची गरज कोणासच वाटत नाहीं. तेथें जिभेला पहिल्या क्षणीं जें वाटेल तोच निकाल, आणि त्या निकालावर अपील नाहीं. बेल्जियम देशाच्या पश्चिम फ्लँडर्स प्रांतांत एक तांबूस रंगाची व आंबट चवीची बिअर होते. ओक लांकडाच्या प्रचंड पिंपांत ती दोन दोन वर्षें ठेवलेली असते. हल्लीं आमच्याकडील पुष्कळ मंडळी प्रवासानिमित्त, किंवा लुव्हेन, गेंट येथें शिकणाऱ्या मुलांस भेटण्याच्या निमित्तानें, त्या देशांत जाऊन येतात. त्यांच्यापैकीं जे बिअर घेतात त्यांच्या तोंडून या पेयाविषयीं जो अभिप्राय आम्हांस वारंवार ऐकावयास मिळतो तो अवघ्या एका शब्दाचा आहे : ‘नासलेली.’ हा अभिप्राय चुकीचा तर आहेच. पण तो मराठी माणसाच्या तोंडीं तर मुळींच शोभत नाहीं, असें आमचें म्हणणें आहे. आणि उलट बाजूस, अलीकडे ‘आंबट’ म्हणतांच माना डोलावणारा जो एक नवा रसिकवर्ग निघाला आहे, त्याची स्तुति या निंदेइतकीच अज्ञानमूलक आहे, हेंही आम्हांस सांगावयाचें आहे.

प्रथम निंदकांचा समाचार घेऊं. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. विद्वान, बहुश्रुत आणि देशोदेशीं हिंडलेले. ब्रूज शहरीं एका खाणावळींत त्यांच्यापुढें या तांबड्या बिअरचा पेला आला. एक घोट घेऊन त्यांनीं वाढप्यास बोलाविलें व ‘ही विटली आहे, दुसरी आण’ म्हणून आज्ञा केली. दुसरी आली, तीही तशीच. तेव्हां त्या सबंध मुलुखाचीच बिअर विटलेली आहे असा निर्णय करून गृहस्थ स्वदेशीं परत आले, आणि हा निर्णय ते अजून मोठ्या उत्साहानें सांगत असतात. याच गृहस्थांच्या घरीं लिंबाच्या लोणच्याची एक बरणी आहे. ती पांच वर्षांची आहे हें पाहुण्यास सांगतांना त्यांचा ऊर अभिमानानें भरून येतो. जेवणाचा शेवट ताकावांचून झाला तर त्यांस जेवल्यासारखें वाटत नाहीं. लोणचें पांच वर्षांचें झालें म्हणजे मुरलें आणि बिअर दोन वर्षांची झाली म्हणजे नासली, हा न्याय त्यांनीं कोणत्या तर्कशास्त्रांतून काढला हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.

वस्तुतः या बाबतींत आमची भाषा आमच्यापेक्षां शहाणी आहे. इंग्रजींत जेथें एकदोन शब्दांवर काम भागवितात तेथें मराठीनें केवढा विवेक केला आहे तो पाहावा. दूध नासतें आणि दूध विरजतें. दोन्हींत दुधाचें पाणी निराळें होतें, दोन्हींत आंबटपणा येतो. परंतु पहिल्यांत तें कोणाच्या हातीं गेलें याचा पत्ता नसतो, आणि दुसऱ्यांत घरच्या गृहिणीनें कालच्या दह्याचा एक थेंब जाणूनबुजून त्यांत सोडलेला असतो. आंबोळीचें पीठ आंबलें म्हणजे घरांत समाधान होतें. वरण आंबलें म्हणजे तेंच क्रियापद शोकाचें होतें. लोणचें मुरतें, भाजी विटते, फळ कुजतें. आंबणें ही केवळ एक क्रिया आहे; ती सुफळ झाली कीं दुष्फळ, हें कोणत्या जंतूंनीं, कोणाच्या देखरेखीखालीं आणि किती काळांत ती केली यावर अवलंबून असतें. ज्या भाषेनें इतका सूक्ष्म भेद सहस्र स्वयंपाकघरांत रोजच्या व्यवहारास लावून ठेविला, ती बोलणाऱ्यानें परक्या देशांतील आंबट पेय पाहतांच ‘नासलें’ म्हणून मोकळें व्हावें, ही स्वतःच्या मातृभाषेशींच प्रतारणा होय.

मग हा गैरसमज होतो कसा ? त्याचें कारण असें कीं, ‘बिअर’ या शब्दानें आमच्या डोळ्यांपुढें एकच मूर्ति उभी राहते : पिंवळी, नितळ, फेंसाळ, किंचित् कडू आणि बर्फासारखी थंड. ही मूर्ति सनातन आहे अशी आमची समजूत आहे. ती अजून दोनशें वर्षांचीही नाहीं. बोहेमियांतील पिल्सन गांवीं १८४२ सालीं ही फिकट सोनेरी बिअर प्रथम निघाली. पुढें पास्टरनें १८७६ सालीं बिअरवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करून तिच्या ‘रोगां’चें मूळ सूक्ष्म जंतूंत आहे असें दाखविलें, १८८३ सालीं कोपनहेगन येथील कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेंत हान्सेननें यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी काढून तिच्यावर बिअर करण्याची रीत घालून दिली, आणि त्याच सुमारास कृत्रिम थंडी उत्पन्न करणारीं यंत्रें कारखान्यांत येऊन दाखल झालीं. या तीन गोष्टींनीं मिळून पिंवळ्या बिअरला पृथ्वीचें राज्य मिळवून दिलें. तत्पूर्वीं मात्र जी बिअर म्हणून कांहीं महिने टिकवावयाची, ती लांकडाच्या पिंपांत राहावयाची, आणि लांकडांत राहिली म्हणजे थोडीबहुत आंबट व्हावयाचीच. म्हणजे आंबट बिअर ही बिअरची विकृति नव्हे. ती तिची जुनी प्रकृति आहे. धाकट्या घरांत वाढलेल्या मुलानें थोरल्या घरच्या आजोबांस परका म्हणावें, तसा हा प्रकार आहे.

पश्चिम फ्लँडर्समध्यें रूसेलारे नांवाचें एक गांव आहे. तेथें १८२१ सालीं रोडनबाख घराण्यांतील चौघां भावांनीं मिळून एक लहानसा कारखाना घेतला. त्यांपैकीं आलेक्झांडर हा अंध असून, बेल्जियम स्वतंत्र झाल्यावर १८३० सालीं जी राष्ट्रसभा भरली तिचा तो सभासद होता. १८३६ सालीं पेद्रो या भावानें व त्याच्या पत्नीनें इतरांचे भाग विकत घेतले. याच घराण्यांत पुढें आल्ब्रेख्ट रोडनबाख हा अल्पायुषी फ्लेमिश कवि (१८५६ ते १८८०) झाला, आणि ‘मृत ब्रूज’ची फ्रेंच कादंबरी १८९२ सालीं लिहिणारा जॉर्ज रोडनबाखही याच कुळांतला. पेद्रोचा नातू युजेन याच्या हातीं १८७८ सालीं कारभार आला. त्यानें इंग्लंडांत जाऊन तेथील पोर्टर बिअर मोठ्या ओकच्या पिंपांत कशी पिकवितात व जुनी आणि नवी बिअर यांचा मेळ कसा घालतात, ही विद्या हस्तगत केली, असें तेथें परंपरेनें सांगतात. जुनी बिअर सांठविण्याची चाल फ्लँडर्सांत त्यापूर्वीं नव्हती असें नव्हे. परंतु तिला शास्त्राचें रूप आलें तें या वेळीं.

येथें इतिहासानें एक मोठी थट्टा करून ठेविली आहे. ज्या इंग्लंडानें ही विद्या दिली त्या इंग्लंडांत ती आज जवळजवळ नामशेष झाली आहे. एके काळीं लंडनचे कारखानदार पिंपाच्या आकाराविषयीं एकमेकांशीं चढाओढ करीत. १७ ऑक्टोबर १८१४ रोजीं असलें एक अवाढव्य पिंप फुटून बिअरचा लोंढा आसपासच्या गरीब वस्तींत शिरला व आठ माणसें प्राणांस मुकलीं. पुढें एकोणिसाव्या शतकांत लोकांस ताजी व सौम्य बिअर आवडूं लागली; दोन वर्षें भांडवल अडकवून ठेवणें व्यापाऱ्यांस नकोसें झालें; आणि पिंपें मोडीत निघालीं. १९०४ सालीं क्लाउसेन नांवाच्या डॅनिश शास्त्रज्ञानें असें दाखवून दिलें कीं, जुन्या इंग्रजी बिअरची जी खास चव, ती पिंपांत मंदगतीनें काम करणाऱ्या एका निराळ्याच यीस्टमुळें येते. त्यानें त्या यीस्टचें नांव ठेविलें ‘ब्रेट्टॅनोमायसीज,’ म्हणजे ब्रिटिश बुरशी. हा शोध ज्या कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेंत लागला, तिनेंच शुद्ध यीस्टचा पंथ काढून या बुरशीस जातिबहिष्कृत केलें होतें. नांव ब्रिटिशांचें, शोध डेनांचा, आणि संसार मात्र फ्लेमिश लोकांच्या घरीं ! गुरूनें टाकून दिलेली विद्या शिष्यानें जपावी, असें या गोष्टीचें सार आहे.

आतां ही विद्या म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. कारण ‘नासणें’ या आरोपाचा खरा निकाल येथेंच लागतो. सातूस मोड आणून तो तांबूस होईपर्यंत भाजावयाचा. त्यांतून या बिअरचा रंग व पाकासारखी गोड छटा येते. हॉपची फुलें अगदीं बेतानें घालावयाचीं, कारण एक तर कडू आणि आंबट यांचें जमत नाहीं, आणि दुसरें म्हणजे दह्याचें अम्ल करणाऱ्या जंतूंस हॉपचें वावडें असतें. विरजण एका शुद्ध जातीचें नसतें. यीस्ट व दुग्धाम्लाचे जंतु यांची पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदलेली वस्ती त्यांत असते. पहिलें आंबवण आटोपल्यावर कांहीं आठवडे बिअर विसावते. नंतर त्यांपैकीं कांहीं भाग ‘फूडर’ म्हणून जीं उभीं ओकचीं पिंपें असतात त्यांत जातो. रूसेलारे येथील कारखान्यांत असलीं २९४ पिंपें आहेत. कांहीं दीडशें वर्षांहून जुनीं, आणि एकेकांत कमीतकमी १२ हजार तर जास्तींतजास्त ६५ हजार लिटर बिअर मावते. ती या लांकडांत दोन वर्षें राहते.

या दोन वर्षांत काय घडतें ? साध्या यीस्टनें पचवितां न आलेली साखर ब्रेट्टॅनोमायसीज हळूहळू पचविते व त्यांतून फळांची आठवण करून देणारे वास निर्माण करिते. दुग्धाम्लाचे जंतु आपलें काम करितात. ओकच्या फळ्यांतून प्राणवायूचा अगदीं बारीक झिरपा आंत येत असतो. त्यावर शिरक्याचें अम्ल करणारे जंतु जगतात. हा प्राणवायु वाजवीपेक्षां फाजील झाला तर सगळ्या पिंपाचा शिरका होईल. मुळींच नसला तर चवीस धार येणार नाहीं. म्हणून पिंपें मोठीं ठेवितात, कारण पिंप जितकें मोठें तितकें आंतल्या बिअरच्या मानानें लांकडाचें पृष्ठ कमी, आणि झिरपाही कमी. यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, आकार हा येथें डौलासाठीं नसून तो मात्रेचा प्रश्न आहे. आयुर्वेदांत आसवारिष्टें संधानास ठेवितात तेव्हां भांडें, ऋतु आणि अवधि यांविषयीं जी काळजी सांगितलेली असते, तिच्याच जातीची ही काळजी आहे.

पण सर्वांत कठीण काम पिंपाबाहेर आहे. दोन वर्षांची निव्वळ जुनी बिअर बहुधा फार तीक्ष्ण असते. तींत ताजी, गोडसर बिअर मिसळावी लागते; आणि प्रत्येक पिंपाची चव निराळी असल्यामुळें हें प्रमाण केवळ कागदावर बसवून भागत नाहीं, जिभेनें ठरवावें लागतें. रोडनबाखच्या नेहमींच्या बिअरमध्यें तीन भाग नवी व एक भाग जुनी असते. ‘ग्रां क्रू’ म्हणून जी वरची प्रत तींत सुमारें दोनतृतीयांश जुनी व एकतृतीयांश नवी. शेजारच्या व्हिख्ते गांवीं व्हेरहाख घराण्याचा कारखाना आहे. त्यांची बिअर बर्गंडीची राजकन्या मेरी (१४५७ ते १४८२) हिच्या नांवानें प्रसिद्ध असून बाटलीवर हातावर ससाणा घेतलेली तिची तसबीर असते. तिचा घाट अधिक गोड आहे. पूर्व फ्लँडर्समध्यें औडनार्डे येथें जी तपकिरी आंबट बिअर होते ती लांकडांत न ठेवितां धातूच्या टांक्यांत पिकवितात. म्हणून तिच्या अंगीं ओकचा तुरटपणा नसतो. ब्रसेल्सच्या आसपासची लँबिक तर सर्वस्वीं निराळी. तिला कोणी विरजण लावीतच नाहीं, उघड्या पसरट भांड्यांत रात्रभर ठेवून हवेंतील जंतूंवर ती सोंपवितात. इतके भेद ज्या विषयांत आहेत तेथें ‘आंबट’ एवढें म्हणून थांबणें म्हणजे ओवी, अभंग, आर्या आणि लावणी यांस एकाच शब्दानें ‘पद्य’ म्हणून वाटेस लावण्यासारखें आहे.

हें पेय घ्यावें कसें याविषयीं दोन शब्द आवश्यक आहेत, कारण निम्मी निंदा घेण्याच्या चुकीच्या रीतीमुळें होते. तें बर्फाच्छादित करूं नये. आठ ते बारा अंश ही त्याची योग्य थंडी. अति थंडीनें वास मरतो आणि नुसती आंबट धार उरते. पहिला घोट जिभेस दचकवितो. त्यावर निकाल देऊं नये. कैरीच्या पहिल्या फोडीनेंही दांत शिवशिवतातच. दुसऱ्या घोटास आंबटामागची गोडी कळूं लागते, तिसऱ्यास ओकचा तुरटपणा. आमच्या शास्त्रकारांनीं मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय असे सहा रस सांगितले. पिंवळ्या बिअरमध्यें तिक्त आणि थोडा मधुर एवढाच व्यवहार असतो. या तांबड्या बिअरमध्यें अम्ल पुढें, मधुर आणि कषाय मागें, आणि तिक्त केवळ नांवापुरता, अशी मांडणी असते. अम्लरस अग्नि प्रदीप्त करितो व अन्नास रुचि आणतो, असें आयुर्वेद म्हणतो. आणि फ्लेमिश लोक ही बिअर समुद्रांतील बारीक करड्या कोळंबीच्या तळलेल्या वड्यांबरोबर, कालवांबरोबर किंवा तासन्‌तास शिजविलेल्या मांसाच्या रश्श्याबरोबर घेतात, याचें मर्म हेंच आहे. स्निग्ध अन्नास आंबटाची जोड हवी, हें ज्यांच्या घरीं माशांच्या आमटींत आमसूल पडतें त्यांस समजावून सांगण्याची गरज नसावी.

येथें कोणी गंभीर वाचक विचारतील : ‘एका मादक पेयाचें एवढें गोडवे गाणें प्राध्यापकास शोभतें काय ?’ हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. मद्यापासून शरीरास अपाय होतो याविषयीं आज वैद्यकांत दुमत राहिलेलें नाहीं. या बिअरमध्येंही शेंकडा पांचसहा टक्के मद्यार्क असतो, आणि केवळ जुनी व आंबट झाल्यामुळें तो पुण्यप्रद होत नाहीं. जो घेत नाहीं त्यानें घ्यावी असें आम्ही सुचवीत नाहीं. त्याचा संयम आम्हांस आदरणीय आहे. आमचा वाद त्याच्याशीं नाहींच. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या छायेंत वाढलेल्या आमच्या मध्यमवर्गांत मद्य हें एक तर पाप असतें किंवा चैन असते. तो विवेकाचा विषय होऊं शकतो हें कोणाच्या मनांतच येत नाहीं. परिणाम असा होतो कीं, जे घेतात ते चव न पाहतां घेतात. आमचा वाद या मंडळींशीं आहे. ज्याला घ्यावयाचेंच आहे त्यानें जेवणाबरोबर एक लहान पेला तासभर पुरवून, तो कोणी कसा केला हें जाणून घ्यावा, कीं अतिथंड असें कांहींतरी घटाघट घशाखालीं लोटावें ? विवेक हाही एक प्रकारचा संयमच आहे, आणि हें आंबट पेय स्वभावतःच घटाघट पितां येण्याजोगें नाहीं, हा त्याचा दोष नसून गुण आहे.

दुसरा वर्ग स्तुतिपाठकांचा. यांत जुने आणि नवे असे दोन पोटभेद आहेत. जुने स्तुतिपाठक या बिअरला ‘बेल्जियमची बर्गंडी’ म्हणतात. बिअरविषयीं १९७७ सालीं जगप्रसिद्ध ग्रंथ लिहिणारे इंग्रज लेखक मायकेल जॅक्सन (हे गायक नव्हेत) यांनीं ही तुलना लोकप्रिय केली. त्यांचे उपकार मोठे आहेत. बेल्जियमच्या बिअरकडे जगाचें लक्ष त्यांनीं वेधलें, आणि पुढें २०१६ सालीं युनेस्कोनें त्या देशाच्या बिअर-संस्कृतीस मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें, त्यामागील लोकमत तयार करण्यांत त्यांचा वांटा नाकारतां येणार नाहीं. तरीही ही तुलना आम्हांस खटकते. सर विल्यम जोन्स यांनीं कालिदासास ‘हिंदुस्थानचा शेक्सपियर’ म्हटलें तेव्हां आमच्या पूर्वजांस प्रथम आनंद झाला आणि मागाहून त्यांतील मेख कळली. कालिदास मोठा, कारण तो शेक्सपियरसारखा. बिअर चांगली, कारण ती द्राक्षाच्या मद्यासारखी! म्हणजे मोजमाप नेहमीं दुसऱ्याच्या घरचें. सातूच्या पेयानें द्राक्षाशीं सोयरीक सांगितल्यावांचून त्यास प्रतिष्ठा मिळूं नये, हा न्याय गुलामगिरीचा आहे. फ्लेमिश तांबडी बिअर तिच्या स्वतःच्या अटींवर मोठी आहे. द्राक्षरसाला जी गोष्ट जमत नाहीं, म्हणजे भाजलेल्या धान्याची गोडी आणि दह्याचा आंबटपणा यांचें एकत्र नांदणें, ती तिला जमते.

नवे स्तुतिपाठक मात्र अधिक घातक आहेत. गेल्या पंधरावीस वर्षांत जगभर लहान लहान भट्ट्या निघाल्या; आमच्या पुण्यामुंबईंतही निघाल्या. त्यांत ‘आंबट’ हा परवलीचा शब्द होऊन बसला आहे. हा आंबटपणा बहुधा येतो कसा ? गरम केलेल्या सातूच्या पाण्यांत दुग्धाम्लाचे जंतु सोडून एकदोन दिवस तें ऊबदार ठेवितात. पुरेसें आंबलें कीं उकळून जंतु मारून टाकितात. मग नेहमींचें यीस्ट घालितात, आणि शेवटीं आंब्याचा, कोकमाचा किंवा आणखी कशाचा तरी गर. यांत पाप नाहीं. उन्हाळ्यांत असा एखादा पेला सुखकर असतो हें आम्ही मान्य करितों. पण हें दोन दिवसांचें काम आणि तें दोन वर्षांचें काम यांस एकाच पंक्तीस बसवून, किंबहुना पहिल्यावरच दुसऱ्याचें नांव चिकटवून, ‘आम्हीही फ्लेमिश पद्धतीची करितों’ म्हणून फलक लावणें ही शुद्ध फसवणूक आहे. लिंबू पिळून फाडलेल्या दुधास कोणी दही म्हणून वाढलें तर आमच्या घरांतील आठ वर्षांची मुलगीसुद्धां तें ताट मागें सारील. तेथें आम्ही फसत नाहीं, कारण दही आम्हांस ठाऊक आहे. येथें फसतों, कारण मूळ पदार्थ ठाऊक नाहीं. निंदकाचें आणि स्तुतिपाठकाचें अज्ञान असें एकाच मुळाचें आहे : दोघांनाही केवळ आंबट कळतें, मुरलेलें कळत नाहीं.

नवीनांस ही विद्या साध्यच नाहीं, असा याचा अर्थ नव्हे. रोडनबाख येथें काम केलेले पीटर बूकार्ट हे १९९६ सालीं अमेरिकेंत कोलोरॅडो संस्थानांतील एका कारखान्यांत गेले, आणि तेथें त्यांनीं लांकडी पिंपें मांडून, वर्षें खर्च करून, खऱ्या अर्थानें मुरलेली आंबट बिअर तयार केली. त्यांनीं फलक नेला नाहीं, धीर नेला. देशांतर विद्येचें होतें. नांवाचें झालें म्हणजे ती चोरी असते.

कोणी म्हणेल, एका लहानशा परदेशी प्रांताच्या पेयासाठीं एवढा त्रागा कशाला ? त्याचें उत्तर असें. विसाव्या शतकाच्या आरंभीं बेल्जियममध्यें तीन हजारांहून अधिक बिअरचे कारखाने होते. पहिल्या महायुद्धांत जर्मन सैन्यानें त्यांचीं तांब्याचीं भांडीं उचलून नेलीं; रूसेलारे गांव तर चारही वर्षें त्यांच्या ताब्यांत होतें. त्यानंतर दुसरें युद्ध आलें, मग पिंवळ्या बिअरचा पूर आला, आणि बहुतेक कारखाने बंद पडले. कारखाना बंद पडला म्हणजे इमारत उरते, पाककृति कागदावर उरते. पण पिंप उरत नाहीं. ओकचें पिंप रिकामें पडलें कीं फळ्या सुकून आखडतात, सांधे उघडतात आणि त्यांत कित्येक दशकें नांदलेली जंतूंची वसाहत नष्ट होते. तें पुन्हां बांधतां येईल, पण त्यास पुन्हां जुनें करण्याचा उपाय एकच, म्हणजे पुन्हां तितकीं वर्षें. म्हणून रूसेलारेच्या कारखान्यांत आजही पिंपांची डागडुजी करणारे स्वतःचे कारागीर पदरीं ठेविलेले आहेत.

आणि पिंप रिकामें कोण पाडतो ? शत्रूचें सैन्य क्वचित्. बहुतेक वेळां पिणाऱ्याची जीभ पाडते. गिऱ्हाइकास गोड हवें म्हणून फ्लँडर्सांतही पुष्कळ जण या बिअरच्या पेल्यांत डाळिंबी रंगाचें ग्रेनाडीन सरबत ओतून घेत असत. तो ज्याच्या त्याच्या पेल्याचा प्रश्न होता, आणि पिंपांत तरी जुनी बिअर शाबूत होती. परंतु सर्व जगाची जीभच गोडावली, आणि दोन दिवसांच्या आंबटाला दोन वर्षांच्या आंबटाची किंमत व कीर्ति मिळूं लागली, तर कोणता शहाणा व्यापारी हजारों लिटर माल दोन वर्षें अंधारांत कोंडून ठेवील ? इंग्लंडांत पिंपें मोडलीं तीं कायद्यानें नव्हे, अभिरुचीनें मोडलीं. जी गोष्ट एका देशांत घडली ती दुसऱ्यांत घडणार नाहीं याची हमी कोणी द्यावी ? सारांश, चव ही खासगी बाब आहे हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. आपण कशास चांगलें म्हणतों यावर कारागीर काय जिवंत ठेवील हें ठरतें. वाचकांनीं जे ग्रंथ वाचावयाचे सोडले ते छापावयाचे राहिले, हा अनुभव मराठी वाङ्मयास नवा नाहीं.

तेव्हां आमची मागणी फार मोठी नाहीं. जे घेत नाहींत त्यांनीं न घेण्याचें चालू ठेवावें. पण न चाखलेल्यास नासकें म्हणूं नये. जे घेतात त्यांनीं तीन घोट होईपर्यंत तोंड वांकडें करूं नये, आणि केवळ आंबट आहे एवढ्यावरून माना डोलवूंही नयेत. पेला पुढें आला म्हणजे वाढप्यास एकच प्रश्न विचारावा : ही किती दिवसांची ? उत्तर दिवसांत आलें तर आनंदानें प्यावी, पण तिला तिच्याच नांवानें ओळखावें. उत्तर वर्षांत आलें तर जरा सांवरून बसावें. कारण पुढें आलेली वस्तु नासलेली नाहीं, तर पुष्कळ माणसांनीं पुष्कळ काळ नासूं न दिलेली आहे.